कॉर्नेलियेच्या आईची शाळा

ऑक्सफर्ड विद्यापीठांत कायद्याची परीक्षा देणारी पहिली स्त्री कोण, असा प्रश्न सामान्यज्ञानाच्या स्पर्धेंत घातला तर आमच्या वरच्या वर्गांतील दहाबारा हात तत्काळ वर होतात. कॉर्नेलिया सोराबजी हें नांव आतां मुलांना पाठ झालें आहे. जन्म नाशिक, सन १८६६. बालपण बेळगांव व पुणें. परीक्षा सन १८९२. एवढें घडाघडा सांगून मुलें खालीं बसतात. परंतु ह्या मुलीला घडविलें कोणीं, असें पुढें विचारलें म्हणजे वर्ग शांत होतो. एखादा धीट मुलगा 'तिच्या आईनें असेल' असें म्हणतो. उत्तर अगदींच चूक नसतें, पण तें त्यानें अंदाजानें ठोकून दिलेलें असतें, कारण जगांतील कोणत्याही मोठ्या मनुष्याविषयीं तें देतां येण्यासारखें आहे.

ह्या आईविषयीं चार शब्द लिहावेत असें आमच्या मनांत पुष्कळ दिवसांपासून होतें. तिची थोरवी गाण्याचा मात्र आमचा हेतु नाहीं. ती गावयास आमच्याहून समर्थ लेखण्या होऊन गेल्या आहेत, आणि त्यांतील एक तिच्या लेकीचीच आहे. आमचें भांडण आहे तें शिक्षिकांची आठवण ठेवण्याची जी रीत आपल्याकडे पडून गेली आहे, तिच्याशीं.

फ्रान्सिनाबाई सोराबजी ह्यांचा जन्म सन १८३३ चा. हिंदु कुळांत जन्मलेल्या ह्या मुलीस बाराव्या वर्षाच्या सुमारास सर फ्रान्सिस फोर्ड व लेडी कॉर्नेलिया फोर्ड ह्या इंग्रज दांपत्यानें दत्तक घेतलें, आणि पुढें आपल्या एका मुलीस त्यांनीं ह्याच मानलेल्या आईचें नांव ठेविलें. सन १८५३ मध्यें त्यांचा विवाह सोराबजी खरसेटजी ह्यांच्याशीं झाला. सोराबजी हे पारशी धर्मांतून ख्रिस्ती झालेले, त्या पायीं स्वजनांचा दारुण रोष सोसलेले, आणि पुढें मिशनच्या सेवेंत पाळक म्हणून राबलेले गृहस्थ. घरांत मुलींचा गोतावळा. मुलगा एकच जगला, दुसरे दोन तान्हेपणींच गेले. अशा प्रपंचांत वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे सन १८७६ मध्यें, ह्या बाईंनीं पुण्यास व्हिक्टोरिया हायस्कूल ही शाळा काढिली. त्या वेळीं कॉर्नेलिया दहा वर्षांची होती, सूसी आठ वर्षांची, आणि धाकटी ॲलिस अवघी दोन वर्षांची.

वाचकांनीं ह्या शेवटल्या वाक्यावर क्षणभर थांबावें. दोन वर्षांचें मूल कडेवर असतां हायस्कूल काढणें म्हणजे काय, हें ज्या भगिनी आज सकाळीं डबे भरून, लेकराला शेजारणीच्या हवालीं करून, साडेदहाच्या घंटेला धापा टाकीत शाळेच्या फाटकांतून आंत शिरतात, त्यांस समजावून सांगावें लागणार नाहीं. पुरुष शिक्षकांस, त्यांत आम्हीही आलों, थोडें कल्पनेचें साहाय्य घ्यावें लागेल.

शाळा काढली ही नवलाची गोष्ट नव्हे. पुण्यास मुलींची शाळा जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनीं सन १८४८ मध्येंच भिड्यांच्या वाड्यांत सुरू केली होती, आणि मिशनच्या शाळा तर त्याच्याही आधींपासून होत्या. नवल होतें तें ह्या शाळेच्या बांकांवर कोण बसावयाचें ह्यांत. इंग्रजांचीं मुलें, पारशांचीं मुलें, हिंदु, मुसलमान, यहुदी व ख्रिस्ती घरांतील मुलें, आणि तींही मुलगे व मुली एकत्र, अशी ती शाळा होती. गोऱ्यांच्या मुलांच्या शाळा वेगळ्या, एतद्देशीयांच्या वेगळ्या, हा त्या काळचा रिवाज. मुलींच्या शाळा आणखी निराळ्या, आणि मुलींतही अमक्या जातीची तमक्या जातीशेजारीं बसणार नाहीं हें ठरलेलेंच. हे सगळे पडदे एकाच दालनांत एकाच वेळीं बाजूस सारावयाचे होते.

व्याख्यानांत हें सांगावयास सोपें आहे. परंतु ज्यानें प्रत्यक्ष वर्ग चालविला आहे त्याच्या मनांत लगेच निराळेच प्रश्न उभे राहतात. प्यावयाचें पाणी कोणत्या भांड्यांतून द्यावयाचें? दुपारचे डबे उघडले म्हणजे कोणीं कोठें बसावयाचें? पतेती, ईद, दिवाळी, नाताळ आणि यहुद्यांचा शब्बाथ ह्यांतील सुट्या कोणत्या? आणि सर्वांत अवघड म्हणजे, गोष्ट कोणत्या भाषेंत सांगावयाची? पांच वर्षांच्या पोराला घरची भाषा सोडून दुसऱ्या भाषेंत गोष्ट सांगितली तर तें खिडकीबाहेर पाहूं लागतें. हा अनुभव आम्हांस वीस वर्षांहून अधिक काळ आहे. विद्वानांच्या सभेंत बंधुभावाविषयीं जें बोललें जातें, त्याचा कस बालवर्गांतील पाण्याच्या हंड्याजवळ लागतो. फ्रान्सिनाबाईंनीं तो कस वर्षानुवर्षें, रोज, सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत लावून घेतला. शिवाय इंग्रजी शाळा हा सर्वांस पुरणारा उपाय नव्हे हें ओळखून त्यांनीं पुण्यांत देशी भाषांतून शिकविणाऱ्या शाळाही चालविल्या. आणि शिकविणाऱ्या बायाच नसतील तर मुलींच्या शाळा चालावयाच्या कशा, हें जाणून बायांस अध्यापनकलेचें शिक्षण देण्याचेंही काम हातीं घेतलें.

सन १८८२ मध्यें हंटरसाहेबांच्या अध्यक्षतेखालीं जें शिक्षण कमिशन नेमलें गेलें, त्याच्यापुढें फ्रान्सिनाबाईंनीं साक्ष दिली. पंडिता रमाबाईंची साक्षही ह्याच कमिशनपुढें झाली आणि जोतीराव फुल्यांचें निवेदनही ह्याच कमिशनपुढें आलें, हें सर्वांस ठाऊक आहे. ह्या तिघांच्या पंक्तींत एक बालवर्गाची शिक्षिका बसली होती, हें मात्र ठाऊक नाहीं. सन १८८६ मध्यें त्या शाळेसाठीं पैसा उभा करावयास इंग्लंडला गेल्या. परक्या देशांत, परक्या सभांतून उभें राहून, आमच्या मुलांच्या शिक्षणास साहाय्य करा असें सांगत फिरावयाचें, हें काम किती अवघड असतें तें आमच्या शाळेच्या इमारतफंडासाठीं दारोदार हिंडलेल्या मंडळींस विचारावें.

आतां त्यांच्या घराकडे वळूं. कारण गृहमाता म्हणूनच त्यांची आठवण निघते. मुलींची यादी पाहिली तर कोणाचीही छाती दडपावी. कॉर्नेलिया मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री-पदवीधर झाली. डेक्कन कॉलेजांत वरचा क्रमांक येऊनही, केवळ स्त्री म्हणून, विलायतची सरकारी शिष्यवृत्ति तिला नाकारली गेली, असें तिनें स्वतः लिहून ठेविलें आहे. मग इंग्लंडांतील स्नेह्यांनीं वर्गणी जमविली, तींत फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईही होत्या. आणि सन १८८९ मध्यें ती ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्यें दाखल झाली. परीक्षा १८९२ मध्यें दिली खरी, परंतु त्या विद्यापीठानें स्त्रियांस पदव्या देण्यास १९२० मध्यें सुरुवात केली, त्यामुळें हातीं पदवी येण्यास जवळजवळ तीस वर्षें लोटलीं. सूसीनें आईचाच धंदा पत्करिला. पुण्यांतील सेंट हेलेनाज स्कूल ही तिनें स्थापिलेली शाळा आजही चालू आहे. ॲलिस डॉक्टर झाली व वायव्य सरहद्दीवरील बन्नू येथें डॉ. पेनेल ह्यांच्याशीं विवाह करून तेथील इस्पितळांत राबली. इतर मुलींनींही आईच्या शाळांतून अध्यापन केलें.

ही यादी वाचून लोक म्हणतात, धन्य ती माउली! ह्या उद्गारांतच सगळी गफलत आहे असें आमचें मत आहे. ही माउली आधीं चांगली आई होती आणि फावल्या वेळांत शाळा चालवीत असे, असा त्याचा अर्थ होतो. वस्तुतः त्या घरांत स्वयंपाकघर कोठें संपतें आणि शाळा कोठें सुरू होते ह्याची रेषाच नव्हती. कॉर्नेलियाबाईंनीं आपल्या आठवणींत एक प्रसंग सांगितला आहे. त्या लहान असतां एक श्रीमंत स्त्री आईकडे आपलें गाऱ्हाणें घेऊन आली. तिच्या कारभाऱ्यानें तिला फसवून तिची मालमत्ता बळकाविली होती, आणि परपुरुषापुढें यावयाचें नाहीं ह्या रूढीमुळें तिला वकिलाकडेही जातां येईना. ती निघून गेल्यावर आईनें मुलीस सगळी हकीकत समजावून सांगितली. अशा पुष्कळ स्त्रिया ह्या देशांत आहेत, त्यांस साहाय्य करावें असें वाटत असेल तर मोठेपणीं कायदा शीक, असें सुचविलें. सन १९०४ पासून पुढें बंगालकडे कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या कामीं पडदानशीन स्त्रियांच्या इस्टेटींचे खटले निस्तरणारी जी कॉर्नेलिया, तिचें बीज त्या दिवशींच्या बोलण्यांत आहे.

ह्या प्रसंगाकडे लोक मातेची शिकवण म्हणून पाहतात. आम्हांस तो उत्तम पाठ म्हणून दिसतो. शिक्षकीच्या परीक्षेंत आम्हांस जे गुण शिकविले गेले ते सगळे त्यांत आहेत. प्रत्यक्ष वस्तूपासून आरंभ, ऐकणाऱ्याच्या वयास झेपेल इतकेंच निरूपण, आणि शेवटीं उपदेश न करितां मुलाच्या पुढ्यांत टाकलेला एक प्रश्न. पुष्कळ आया अशा वेळीं मुलांस 'तूं आंत जा' म्हणतात. ह्या बाईंनीं मुलीस जवळ बसविलें, कारण त्या आई असतांनाही शिक्षिकाच होत्या. त्या मोठ्या शिक्षिका होत्या म्हणून मुली मोठ्या झाल्या, हा क्रम आहे. आपण तो उलटा लावितों आणि मुली मोठ्या झाल्या म्हणून आईस मोठी म्हणतों. उद्यां कॉर्नेलिया पहिल्याच परीक्षेंत नापास होऊन घरीं बसली असती, तर त्या इंग्रज-पारशी-हिंदु-मुसलमान मुलांच्या एकत्र वर्गाचें मोल कवडीनेंही घटलें नसतें.

येथें एका अडचणीच्या गोष्टीचाही निर्देश केला पाहिजे. तें घर वळणानें फार इंग्रजी होतें. भाषा, शिस्त, चालीरीति इंग्रजी. आणि कॉर्नेलियाबाई पुढें राष्ट्रीय चळवळीच्या विरुद्ध उभ्या राहिल्या, इतकेंच नव्हे तर सन १९२७ मध्यें निघालेल्या मिस मेयो ह्यांच्या 'मदर इंडिया' ह्या पुस्तकाची बाजू घेऊन त्यांनीं पुष्कळांचा रोष ओढवून घेतला. आमच्या समाजांत ह्या गोष्टीविषयीं चोरून बोलण्याची संवय आहे, ती आम्हांस आवडत नाहीं. शाळेचें नांवच राणीचें होतें, आणि त्या काळच्या पुष्कळ ख्रिस्ती घरांस आपली भाषा व आपले शेजारी ह्यांपासून थोडें अंतर ठेवण्यांत प्रतिष्ठा वाटे, हें खोटें नाहीं. रेव्हरंड टिळकांनीं त्या अंतराविरुद्ध आपली सगळी लेखणी झिजविली, ती उगाच नव्हे. परंतु सन १९१० मध्यें निवर्तलेल्या आईच्या माथीं सन १९२७ मधील लेकीचें मत मारतां येणार नाहीं. लेकीचें यश आईच्या पदरांत टाकावयाचें नाहीं असें ठरल्यावर लेकीचा दोष तरी तेथें कसा टाकावा? फ्रान्सिनाबाईंचा हिशेब त्यांच्या स्वतःच्या वर्गावरूनच झाला पाहिजे.

आणि तो हिशेब मांडावयास आपल्या हातीं साधन काय आहे? मुलीनें सन १९२४ मध्यें आईबापांच्या स्मरणार्थ 'देअरफोर' हें इंग्रजी पुस्तक लिहिलें. नातू रिचर्ड सोराबजी, जे स्वतः नामांकित तत्त्वज्ञ, त्यांनीं सन २०१० मध्यें आत्याचें चरित्र 'ओपनिंग डोअर्स' प्रसिद्ध केलें, त्यांत आजीचें घरही आलें. म्हणजे घर लिहितें झालें म्हणून ही शिक्षिका आपणांस ठाऊक आहे. जिच्या घरीं ऑक्सफर्डला गेलेली मुलगी नाहीं, जिचा नातू ग्रंथकार नाहीं, किंवा जिला मूलच नाहीं, तिचें काय?

ह्याच्या उलट एक उदाहरण पाहा. मिस सिंथिया फॅरार ह्या अविवाहित अमेरिकन बाई सन १८२७ मध्यें मुंबईस आल्या आणि पुढें अहमदनगर येथें मुलींच्या शाळा चालवीत सन १८६२ मध्यें तेथेंच वारल्या. त्यांस ना मूल ना बाळ. तरी आज महाराष्ट्रांत त्यांचें नांव निघतें, कां? तर सावित्रीबाईंनीं त्यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले म्हणून. आणि सावित्रीबाईंच्या शाळेंत खरोखर काय शिकवीत असत ह्याचा सर्वांत बळकट पुरावा कोणता म्हणाल, तर त्या शाळेंतील मांग समाजाच्या मुक्ता नांवाच्या मुलीचा निबंध, जो सन १८५५ मध्यें 'ज्ञानोदयां'त छापला गेला. ज्या मुलीस अक्षरओळख होऊं नये अशी समाजाची इच्छा होती, ती मुलगी धर्माविषयीं व अन्यायाविषयीं खडे प्रश्न विचारते, हें पाहिलें म्हणजे तिच्या शिक्षकांविषयीं निराळें प्रशस्तिपत्र लागत नाहीं. एका मिशनच्या पत्रानें एका विद्यार्थिनीचें लिखाण छापिलें, म्हणून एक शाळा दीडशेंहून अधिक वर्षें टिकली. इमारत पडली तरी टिकली.

आम्हांस आठवतें, कांहीं वर्षांपूर्वीं एका गांवीं एका वृद्ध शिक्षिकेच्या स्मरणार्थ भरलेल्या सभेस आम्ही गेलों होतों. ती बाई छत्तीस वर्षें एकाच शाळेंत होती. सात वक्ते बोलले. ती किती प्रेमळ होती, सुनांशीं कशी लेकींप्रमाणें वागे, नातवंडांस कशी जीव लावी, उपासनेस कशी न चुकतां येई, हें सर्व आलें. अध्यक्षांनीं तिला त्यागमूर्ति म्हटलें. दीड तासांत ती कोणता विषय शिकवी हें एकाही वक्त्यानें सांगितलें नाहीं. सभा सुटल्यावर बाहेर चपला शोधीत असतां, गवंडीकाम करणारा एक मध्यमवयीन मनुष्य शेजारच्यास म्हणाला, 'बाईंनीं मला अपूर्णांक भाकरीवर शिकविले. वर्गांत भाकर आणून मोडून दाखविली, आणि मग आम्हांला खायला दिली. आजही वाळू-सिमेंटचें माप काढतांना तीच भाकर दिसते.' त्या सभेंतील एकुलतें एक खरें भाषण तें, आणि तें दारांत झालें. त्यास व्यासपीठावर बोलाविण्याचें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं, कारण तो कुटुंबांतला नव्हता आणि प्रतिष्ठितांतलाही नव्हता.

त्यागमूर्ति, माउली, शांत समई, हे शब्द आम्हांस आतां नकोसे झाले आहेत. ते खोटे आहेत म्हणून नव्हे. पण पुरुष शिक्षक निवृत्त झाला म्हणजे 'गणिताचे गाढे शिक्षक' म्हणतात, आणि बाई निवृत्त झाली म्हणजे 'मुलांची आईच' म्हणतात. गणिताचें ज्ञान मिळवावें लागतें. आईपण मात्र निसर्गानें फुकट दिलेलें असतें अशी आपली समजूत. मग त्या आईपणास वेतन तरी कशास पुरतें द्यावें? जुन्या मिशनच्या कित्येक अहवालांतून पाळकाच्या पत्नीचा उल्लेख केवळ नवऱ्याच्या नांवामागें 'मिसेस' लावून होत असे. ती दिवसभर शाळा चालवी तरी तिचें स्वतःचें नांव कागदावर उमटत नसे. आईपणाची ही स्तुति आणि तो कोरा रकाना ह्यांचा संबंध आम्हांस फार जवळचा वाटतो.

तेव्हां आमची सूचना ह्या वार्षिकाच्या चालकांस व माजी विद्यार्थ्यांस आहे. आमच्या शाळेच्या दिवाणखान्यांत मुख्याध्यापकांच्या तसबिरी ओळीनें लागल्या आहेत, त्या राहूं द्याव्या. परंतु दर वर्षीं ह्या अंकाचीं दोन पानें एका शिक्षिकेसाठीं राखावीं, आणि तीं तिच्या मुलानें वा सुनेनें लिहूं नयेत, तिच्या विद्यार्थ्यानें लिहावीं. तो विद्यार्थी पदवीधर असावा असा आग्रह नको. लिहितां येत नसेल तर त्यानें सांगावें आणि आजच्या एखाद्या नववीच्या मुलीनें लिहून घ्यावें. बाईंनीं कोणता वर्ग घेतला, कोणत्या खोलींत, फळ्यावर त्या काय काढीत, कोणती गोष्ट पुनःपुन्हा सांगत, काय आलें नाहीं म्हणजे रागावत, एवढेंच हवें. दुसरें, कोठीच्या खोलींत जे जुने हजेरीपट व पाठटिपणांच्या वह्या वाळवीच्या तोंडीं पडल्या आहेत, त्या येत्या सुटींत रद्दीच्या गाड्यावर जाऊं नयेत. त्या वह्यांवर ज्या बायांच्या सह्या आहेत, त्यांतील कांहींचा तेवढाच कागद जगांत उरला असेल.

आरंभ बालवर्गापासून करावा असें आम्हांस वाटतें, कारण तेथील शिक्षिकेचें नांव मुलें सर्वांत आधीं विसरतात. पुढील अंकासाठीं मजकूर कागदाच्या एकाच बाजूस, सुवाच्य अक्षरांत लिहून मोठ्या सुटीच्या आधीं कार्यालयांत द्यावा. लिहिणाराची विद्वत्ता पाहिली जाणार नाहीं. भाकरीची गोष्ट सांगणाऱ्या त्या गृहस्थासारखे जे कोणी असतील, त्यांचें लिखाण आधीं छापलें जाईल.